घर घ्यावे की बांधावे?

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल वडगाव सोडते आणि कामशेतला पोहोचण्यापूर्वी ज्या लहानशा स्थानकावर क्षणभर थांबते, ते कान्हे. जवळून वाहणारी इंद्रायणी, गावाला लागून गेलेला मुंबई-पुण्याचा जुना हमरस्ता, आणि त्या रस्त्यावरच्या फाट्यापासून टाकव्यावरून अंदर मावळात शिरणारी वाट, एवढ्यावर या गावाचे भूगोलातले स्थान सांगून होते. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या फाट्यावर जे लोक उतरतात, त्यांतून कारखान्याचे कामगार आणि सरकारी रुग्णालयात आलेले रोगी वगळले, तर उरलेल्यांपैकी पुष्कळांच्या मनात एकच हिशेब घोळत असतो : गावठाणातले एखादे जुने कौलारू घर विकत घ्यावे, की बाहेर भूखंड घेऊन नवे बांधावे? विचारणाऱ्यास हा प्रश्न अनादि वाटतो. परंतु मावळच्या घरांचा इतिहास पाहू गेल्यास तो फार तर सव्वाशे-दीडशे वर्षांचा ठरतो. त्यापूर्वी या मुलुखात जुने घर आणि नवे घर या दोन निरनिराळ्या वस्तूच नव्हत्या.

या विधानाचा पुरावा कान्ह्याच्या पश्चिमेस चार-पाच कोसांवर डोंगरात उभा आहे. भाज्याच्या चैत्यगृहातील खांब आतल्या बाजूस किंचित कललेले आहेत. अखंड कातळात कोरलेल्या खांबास कलण्याचे काहीच प्रयोजन नाही. पण लाकडी छपराचा भार तोलण्यासाठी खांब तसे कलते रोवण्याची जी रीत होती, ती लेणे खोदणाऱ्यांनी डोंगर फोडतानाही सोडली नाही. कार्ल्याच्या चैत्यात तर छताला बसवलेल्या सागवानी कमानी सुमारे दोन हजार वर्षांनंतर आजही जागेवर आहेत, आणि त्या दगडी छतास त्यांच्या आधाराची तिळमात्र गरज नाही. तेथील एका लेखात धेनुकाकट येथील सामी नावाच्या, वेणुवासाचा पुत्र असलेल्या सुताराने दर्शनी दाराचे काम केल्याची नोंद आहे. राजे, श्रेष्ठी आणि भिक्षू यांच्या दानलेखांच्या गर्दीत आपले नावगाव सांगून उभा राहिलेला हा कारागीर सुतार असावा, हे मावळच्या वास्तुपरंपरेला शोभणारेच आहे. कारण या मुलुखात घर म्हणजे मुख्यतः लाकडाचा सांगाडा, आणि बाकीचे सारे त्याला घातलेले पांघरूण, हीच समजूत पुढेही शतकानुशतके चालत आली.

गावची जमीन दोन प्रकारची मानली जाई : पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. पिढ्यानपिढ्यांच्या राखेने, शेणाने आणि पडक्या भिंतींच्या मातीने पांढुरकी झालेली ही गावठाणाची माती भिंतीसाठी उत्तम, असा अनुभव असल्याने पडलेल्या घराची माती भिजवून, तुडवून तिचीच नवी भिंत घातली जाई. घराचा आरंभ काळ्या दगडाच्या जोत्याने होई. जोत्यावर तळखडे, तळखड्यांवर ऐनाचे, जांभळीचे किंवा सामर्थ्य असेल त्याच्याकडे सागाचे खांब, खांबांवर तुळया, मधोमध आढे, आढ्यापासून वळचणीपर्यंत उतरणारे वासे, वाशांवर रिपा, आणि रिपांवर गवत किंवा कुंभाराची नळीची कौले. भिंत मातीची असे, किंवा डोंगरातून आणलेल्या कारवीच्या काठ्या विणून त्यावर शेणमातीचा गिलावा दिलेला कूड असे. अशा पुष्कळ घरांत छपराचा भार भिंतीवर नसून खांबांवर असल्याने भिंत पडली तरी घर पडत नसे.

यातला कोणताही भाग दुसऱ्याइतका टिकत नसे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि पूर्वेस वडगाव-तळेगावाकडे येईतो तो झपाट्याने ओसरत जातो. कान्हे या उताराच्या वाटेवर आहे. इंदापूर-बारामतीकडचा शेतकरी मातीच्या धाब्याखाली सुखाने राहू शकतो. मावळात तसले सपाट धाबे एका आषाढात खाली येईल. म्हणून येथे छपरे उतरती, वळचणी खोल, आणि मृग लागण्यापूर्वी दरसाल शाकारणी ठरलेली : फुटकी कौले बदलायची, सरकलेली सारखी करायची, गवताचे छप्पर असेल तर नवे गवत घालायचे, आणि झडीच्या बाजूच्या भिंतीस पेंढ्याचे किंवा गवताचे आडोसे बांधायचे. छपराचे आयुष्य काही वर्षांचे, कुडाचे त्याहून थोडे अधिक, मातीच्या भिंतीचे एखाद्या पिढीचे, लाकडाचे तीन-चार पिढ्यांचे, आणि जोत्याचे तर कोणी मोजलेच नाही. अशा घरास त्याचे वय विचारल्यास ते कोणत्या अवयवाचे सांगावे? आजोबांच्या खांबांवर नातवाचे वासे आणि पणजोबांच्या जोत्यावर यंदाची भिंत, अशी ती संमिश्र वास्तू असे. तिचे मापसुद्धा खांबांवरून. दोन खांबांमधील अंतर तो खण. घर दोन खणी, पाच खणी असे मोजले जाई, भाऊ विभक्त झाले की खण वाटले जात, आणि सून आली, गोठा वाढला की एक खण पुढे जोडला जाई. सांगाडा उतरवून दुसऱ्या जोत्यावर पुन्हा उभा करण्यासही कोणते शास्त्र आड येत नसे, कारण सांधे कुसाचे आणि खुंट्यांचे असत.

जळण्याचे भय मात्र कायम. जानेवारी १७७९ मध्ये कंपनी सरकारची फौज बोरघाट चढून कार्ल्यावरून तळेगावापर्यंत आली, तेव्हा मराठ्यांनी तळेगाव स्वतःच जाळून रिकामे केले होते. दाणा नाही, वैरण नाही, आडोसा नाही, अशा स्थितीत ती फौज मागे फिरली आणि वडगावला तिला शरण येऊन तहनामा करावा लागला. महादजी शिंद्यांच्या या विजयाचे वर्णन शाळेच्या पुस्तकांत असते, आणि कार्ल्याजवळ पडलेल्या इष्टुर फाकडा या इंग्रज कप्तानाचेही; परंतु ज्यांची घरे या युक्तीत जळाली त्या रयतेने पुढच्या पावसाळ्यापूर्वी काय केले असेल, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. कान्हे त्याच वाटेवर आहे. या पट्ट्यातली फारच थोडी घरे दोनशे वर्षांपलीकडची सापडतात, याचे एक कारण पाऊस असेल, तर दुसरे कारण ही वाट.

तेव्हा घर विकत घेण्याचा व्यवहार होता की नाही? होता, पण त्यात विकले जाई ते आज आपण समजतो ते नव्हे. मिरासदाराची, म्हणजे वंशपरंपरागत हक्क असलेल्या गावकऱ्याची, गावातली मालमत्ता तीन गोष्टींची मिळून बनलेली असे : काळीतली जमीन, पांढरीतली घरजागा, आणि गावच्या मानपानातला वाटा. घरजागा देणे म्हणजे गावात एक नवा माणूस घेणे. म्हणून अशा खरेदीस पाटील, कुलकर्णी, शेजारी आणि बलुतेदार यांची साक्ष लागे, चतुःसीमा लिहिल्या जात, आणि पुढे कज्जा उभा राहिल्यास गोत, म्हणजे गावची सभा, बसून महजर, म्हणजे लेखी निवाडा होई. वंश खुंटलेल्या किंवा परागंदा झालेल्या कुळाची जागा गतकुळ म्हणून गावाकडे येई आणि पाटील ती गावाच्या संमतीने नव्या इसमास मिरासपत्र करून देई. आजच्या ‘जुने घर घेणे’ या व्यवहाराचा मराठेशाहीतला पूर्वज शोधायचा झाल्यास तो हाच. आणि त्यात मोल होते ते जागेचे आणि हक्काचे, कारण गतकुळ जागेवर बहुधा पडके जोतेच शिल्लक असे. उपरी म्हणून, म्हणजे मिरासहक्काशिवाय राहणाऱ्यास तेवढेही लाभत नसे. घर पाहावे बांधून, अशी आपली म्हण आहे. ‘विकत घेऊन’ असे तिच्यात कोठे नाही, कारण ज्या समाजाने ती घडवली त्याच्या अनुभवात दुसरा मार्ग जवळजवळ नव्हताच.

राज्यकर्त्यांचाही कल वसवण्याकडे. १६३० साली आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणे उद्ध्वस्त केले, पाठोपाठ मोठा दुष्काळ पडला, आणि पुढे शहाजीराजांच्या जहागिरीचा कारभार पाहताना दादोजी कोंडदेवांनी पुणे प्रांत आणि मावळखोऱ्यांत लोक परत आणले ते अभयाचा कौल देऊन आणि इस्तावा लावून, म्हणजे आरंभी नाममात्र सारा घेऊन तो दरसाल थोडा थोडा चढवीत. पेशवाईत पुण्याच्या नव्या पेठा वसल्या त्याही अशाच सवलतींवर. धनिकांच्या बांधकामाची गोष्ट निराळी. १७३० च्या जानेवारीत पाया घातलेल्या शनिवारवाड्यास जुन्नरच्या जंगलातले सागवान, चिंचवडच्या खाणीतला दगड आणि जेजुरीकडचा चुना आला, आणि दोन वर्षांत वास्तुशांत झाली. तरी तोही शेवटी लाकडाचाच, म्हणून १८२८ च्या आगीत जळाला आणि तट व जोती तेवढी उरली. लाकूड किती मोलाचे मानले जाई हे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रावरून दिसते. आरमारासाठी झाडे तोडावी लागली तरी रयतेच्या आंब्या-फणसास हात लावू नये, आणि जीर्ण झालेले झाड हवेच असेल तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन घ्यावे, असा त्यातील आदेश आहे.

इंग्रजी अमलात या जुन्या व्यवस्थेचे सांधे एकामागून एक निखळले. १८३० च्या नोव्हेंबरात गव्हर्नर माल्कमने बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला. १४ जून १८५८ रोजी खंडाळा ते पुणे आगगाडी सुरू झाली. १८६३ मध्ये घाटाचा लोहमार्ग पुरा होऊन मुंबई-पुणे जोडले गेले. आगगाडीबरोबर आलेल्या वस्तूंत मावळच्या घराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे मंगलोरी कौल. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढून बनवलेले हे चपटे, एकमेकांत अडकणारे कौल गलबतांनी मुंबईस येई आणि तेथून रेल्वेने वर चढे. ते नळीच्या कौलासारखे दरसाल परतावे लागत नसे; गावच्या कुंभाराचे एक काम त्याने घेतले, आणि शाकारणीचा तो सामूहिक खटाटोपही हळूहळू ओसरला. यात कुंभाराचे नुकसान झाले, घरधन्याचे झाले असे मला वाटत नाही. जुन्या कौलांविषयी हळहळणाऱ्या लेखकांपैकी कितीजण ज्येष्ठाच्या उन्हात छपरावर चढले असतील, याची शंकाच आहे.

परंतु कौलाहून खोल घाव १८७८ च्या जंगल कायद्याचा. तोवर डोंगरातून वासे आणि कारवी आणणे ही गावची वहिवाट होती. आता डोंगर राखीव झाला, नाका बसला, पास लागू लागला. नवे लाकूड महाग झाले आणि त्याबरोबर जुन्या लाकडास भाव आला. पडका वाडा खांब-तुळयांसाठी विकत घेण्याचा व्यापार पुढे पुण्यात भरभराटीस आला आणि अजूनही चालू आहे. पुढे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा मुंबई इलाख्यास लागू झाल्यावर शंभर रुपये व त्यावरील किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्ताशिवाय होईना. गोतसभेच्या साक्षीची जागा सबरजिस्ट्रारच्या शिक्क्याने घेतली. गावाची संमती न विचारता घर परक्यास विकता येऊ लागले. बाजारात मांडता येणारी वस्तू म्हणून घर जन्मास आले ते येथे.

मांडणारे आणि घेणारेही लवकरच आले. लोणावळ्याची नगरपालिका १८७७ सालची. मुंबईच्या श्रीमंतांचे बंगले तेथे आणि खंडाळ्यास उठू लागले. मग १८९६ च्या अखेरीस पुण्यात प्लेग शिरला. घरोघर तपासण्या झाल्या, माजघरातला अंधार हाच रोगाचा आश्रय आहे असे डॉक्टर सांगू लागले, आणि शिकलेल्या वर्गाच्या मनात प्रथमच असे बसले की जुने घर हे जुने असल्यामुळेच वाईट. मोकळी हवा हा त्या पिढीचा ध्यास झाला. याच सुमारास पुण्यात दोन थोर पुरुषांनी दोन निरनिराळ्या वाटा धरल्या. अण्णासाहेब कर्व्यांनी १९०० साली हिंगण्याच्या माळावर रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या जागेत झोपडी उभारून आपला आश्रम तेथे नेला. लोकमान्यांनी १९०५ च्या सुमारास बडोदेकर गायकवाडांचा नारायण पेठेतला जुना वाडा घेतला आणि ‘केसरी’चा संसार तेथे थाटला. एकाला पेठेपासून दूर जायचे होते, दुसऱ्याला पेठेच्या मध्यभागी राहायचे होते. घर घेणाऱ्याने शेवटी आधी स्वतःला विचारावे ते हेच. भिंतीचा विचार मागाहून.

अंदर मावळातल्या काही कुटुंबांना मात्र निवड करण्याची मुभाच मिळाली नाही. १९११ मध्ये लोणावळ्यास टाटांच्या जलविद्युत् योजनेची कोनशिला बसली. त्यापाठोपाठ आंध्रा नदीवर ठोकळवाडीचे धरण झाले आणि १९२२ मध्ये भिवपुरीचे वीजघर सुरू झाले. शेजारच्या मुळशीत सेनापती बापटांनी १९२१ पासून सत्याग्रह मांडला, आणि धरण थांबले नाही तरी जमिनीच्या मोबदल्याचा प्रश्न महाराष्ट्रभर पोहोचला. अंदर मावळात तेवढाही गाजावाजा झाला नाही. पुढे सत्तरीच्या दशकाच्या आरंभी पवन मावळातही धरणाचे पाणी चढले. भूसंपादनाचा तेव्हाचा कायदा घराची किंमत रुपयांत लावी. खांब, कौल, दाराची चौकट उचलून नेता येते. जोते आणि पांढरी पाण्याखाली जातात. ज्या व्यवस्थेत घराचे मोल मुख्यतः जागेत आणि गावातल्या स्थानात होते, तिच्यातल्या माणसास भिंतींचे पैसे देऊन वाटेस लावणे हा न्याय म्हणता येईल काय?

सिमेंट आपल्याकडे १९१४ पासून पोरबंदरला तयार होऊ लागले, तरी मावळच्या खेड्यात त्याचा शिरकाव व्हायला स्वातंत्र्य उजाडावे लागले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतले मातीच्या भिंतींचे वाडे विरघळून बसले, तेव्हा मातीवरचा उरलासुरला विश्वासही गेला. स्लॅबचे घर ही पक्केपणाची व्याख्या झाली. १९७८ मध्ये पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली, शतकाच्या वळणावर द्रुतगती मार्ग आला, टाकव्याकडे कारखाने उभे राहिले, आणि कान्हे पुण्याचे दूरचे उपनगर होऊ लागले. स्लॅबचे घर एकसंध असते. त्याचा खण सोडवून भावाला देता येत नाही, त्याचा वासा काढून नातवाच्या घरास लावता येत नाही, आणि मावळच्या पावसात सपाट गच्ची गळू लागली की तिच्यावर पुन्हा पत्र्याचे उतरते छप्पर चढवावे लागते. कान्हे ते कामशेतपर्यंत अशी दुहेरी डोक्याची घरे जागोजाग दिसतील. इंदापूरचे धाबे सिमेंटात ओतून मावळात आणल्याचा हा दंड. घर खरोखर ‘जुने’ आणि ‘नवे’ झाले ते अशा वास्तूंच्या काळात, कारण दुरुस्तीने तरुण होण्याची सोय त्यांच्यात राहिली नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. मोकळ्या जमिनीवर बांधू पाहणाऱ्यास १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आणि १९४८ चा कुळकायदा या दोन वेशी ओलांडाव्या लागतात; शेतकरी नसलेल्यास शेतजमीन सहजी घेता येत नाही, म्हणून बिनशेती झालेला भूखंड पाहावा लागतो, आणि २०१५ पासून पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची बांधकाम परवानगीही पाहावी लागते. गावठाणातल्या जुन्या घरास बिनशेतीचा प्रश्न येत नाही. तेथे अडचण निराळी. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर ज्याचे नाव, तो कर भरणारा. मालक तोच असेल असे नाही. घर आजोबांच्या नावावर, वारस चार ठिकाणी पांगलेले, आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचाही जन्मतः हक्क. एका बहिणीची सही राहिली तर पुढची वीस वर्षे वडगावच्या न्यायालयात जातील. पूर्वी जे काम गोताची साक्ष करी ते आता आपणच दारोदार हिंडून करायचे आहे.

माझे मत विचाराल तर, जोते कोरडे असेल, खांबांच्या बुडाशी वाळवी नसेल, आणि सर्व वारस सह्या करण्यास किंवा हक्कसोडपत्र देण्यास तयार असतील, तर कान्ह्यासारख्या गावात जुने घर घ्यावे, सांगाडा ठेवावा, भिंती नव्या घालाव्यात, आणि छपरास मंगलोरी कौल घालून उतार तसाच राखावा. त्यात पैसा नव्या घराहून फारसा कमी लागणार नाही, पण पाणी, वाट आणि शेजार ही तीन कामे आयती झालेली असतात. जोते, खांब आणि वारस या तीन अटींपैकी एक जरी पुरी होत नसेल तरी नवे बांधावे. मात्र डोंगराचा उतार कापून सपाट केलेल्या भूखंडावर नव्हे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यात माळीणवर डोंगर उतरला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. आणि माळीण हे तर जुनेच गाव होते, तेव्हा जुन्या वस्तीच्या शहाणपणावरही डोळे मिटून भिस्त ठेवू नये. सौदा कोणताही असो, बयाणा देण्यापूर्वी ती जागा आषाढात एकदा पाहून यावी. मार्गशीर्षात मावळातले प्रत्येक घर कोरडेच असते.